‘मुदत संपली’ एवढ्यावर खोलीबाहेर काढता येत नाही

बनारस हिंदू विद्यापीठात शिकायला गेलो तेव्हा हॉस्टेल मिळायला वेळ होता. सिंहद्वाराबाहेरच्या लंका भागात मी दोन महिन्यांसाठी खोली घेतली. करार तोंडी होता. मालकाने आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून घेतली. माझ्या मराठी आडनावावरून त्याला जात कळली नाही.

दोन महिने संपले. मी विचारलं तर म्हणाला, “रहिए, क्या जल्दी है.” पुढच्या महिन्यांचं भाडंही त्याने रोख घेतलं, पावती कधीच दिली नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतून गळ्यात निळा गमछा घालून परतलो, त्या संध्याकाळी प्रश्न आला, “आप लोग कौन होते हैं?” मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला, “आपका तो दो ही महीने का था न? टाइम पूरा हो गया.” चौथ्या दिवशी पाण्याची मोटर बंद. मी सामान उचललं आणि सीर गोवर्धनपुरातल्या मित्राकडे गेलो. जातीचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. ‘मुदत’ या शब्दाने काम झालं होतं.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेब एका पारशी धर्मशाळेत रोजचा दीड रुपया भरून राहत होते. सरकारी बंगला मिळेपर्यंतचीच ती सोय होती. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली. उत्तर मिळालं, संध्याकाळपर्यंत दिसू नकोस. परदेशात शिकून आलेल्या, संस्थानच्या नोकरीतल्या माणसाची ही गत होती. आज काठ्या लागत नाहीत, पाण्याचा नळ पुरतो.

मला तेव्हा वाटलं, मुदत संपली म्हणजे आपला हक्क संपला. ते चूक होतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ११६ सांगतं की मुदतीनंतर भाडेकरू राहिला आणि मालकाने भाडं स्वीकारलं, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास राहत्या जागेचा भाडेपट्टा महिन्यागणिक पुढे चालतो. तो मोडायला पंधरा दिवसांची नोटीस लागते. जबरदस्तीने बाहेर काढलं तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. तिथे मालकी कुणाची हा प्रश्न येत नाही.

उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये नवा भाडेकरू कायदा केला. त्यात लेखी करार सक्तीचा आहे, घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि वीज-पाणी तोडायला मनाई आहे. पण मुदतीनंतर राहणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं लागू शकतं. म्हणून ‘रहिए’ या तोंडी शब्दावर विसंबू नका. मुदतवाढ लिहून घ्या. लिहून देत नसेल तर व्हॉट्सॲपवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. भाडं खात्यावरूनच भरा. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्याच्या जागेतून बेकायदा हुसकावणं, राहतं घर सोडायला भाग पाडणं, हे अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हे आहेत. “तुमचं सर्टिफिकेट महाराष्ट्राचं, इथे चालत नाही,” असं ठाण्यात ऐकवलं जाऊ शकतं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने स्पष्ट केलं की या कायद्याचं संरक्षण मूळ राज्यापुरतं नाही. तो निकाल उत्तर प्रदेशातल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी तिथे दाखवता नक्कीच येतो.

तरीही एक भोक उरतंच. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात जात विचारून खोली नाकारण्यावर एक ओळही नाही. घरमालकाचं भाडं बुडू नये याची तजवीज त्यात आहे. भाडेकरूची जात विचारली जाऊ नये याची नाही. आपली मागणी साधी असली पाहिजे. जातीवरून खोली नाकारणं किंवा रिकामी करवून घेणं हा भाडेकरू कायद्यातच दंडनीय गुन्हा व्हावा. हॉस्टेलची संख्या वाढवावी. प्रत्येक विद्यापीठाच्या एससी-एसटी सेलने बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तक्रारीही घ्याव्यात.

सीर गोवर्धनपूर ही संत रविदासांची जन्मभूमी मानली जाते. कुणालाही कुठेही मोकळेपणाने फिरता येईल अशा बेगमपुऱ्याचं स्वप्न त्यांनी पाहिलं. त्या वस्तीत मला त्या रात्री जागा मिळाली, कारण तिथे जात विचारायची गरज नव्हती. पण प्रत्येक वेळी आपल्याच वस्तीत परतावं लागणं, हा काही बेगमपुरा नव्हे. पुढच्या वेळी सामान उचलण्याआधी नोटीस मागा.

जय भीम.