तंजावरचे ओस अंगण

एकोणिसाव्या शतकातली आपल्या देवळांची, किल्ल्यांची छायाचित्रे पाहताना कोणीतरी हमखास म्हणतो, ‘आपल्याला या वास्तूंची काडीची किंमत नव्हती; साहेब कॅमेरा घेऊन आला म्हणून त्या वाचल्या.’ पुरावा काय, तर अंगणे ओस आहेत, चित्रात माणूस नाही.

ब्रिटिश छायाचित्रकार लिनियस ट्राइपने १८५८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची छायाचित्रे काढली, ती मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर. हा कागद उजेड पकडायला फार वेळ घेई. तेवढ्यात समोरून चालत गेलेला माणूस त्यावर उमटतच नसे. आकाशही पांढरेफटक येई, म्हणून ट्राइप कधी कधी निगेटिव्हवर हाताने ढग रंगवी. म्हणजे नसलेले ढग दिसतात, असलेला भाविक दिसत नाही; आणि असा साक्षीदार आपण डोळे झाकून मानायचा!

बरे, किंमत नव्हती म्हणावे तर तंजावरच्या मराठा राज्याच्या सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास १८०३ साली याच देवळाच्या भिंतींवर मराठीत कोरवला होता. पुढे १८५५ साली, पुरुष वारस नाही या सबबीवर, ईस्ट इंडिया कंपनीने ते राज्य खालसा केले. ट्राइप आला तो तीन वर्षांनी, त्याच कंपनीच्या मद्रास सरकारचा पगारी छायाचित्रकार म्हणून. त्याचेही काम चार्ल्स ट्रेव्हेलियन या नव्या गव्हर्नराने चैनीचा खर्च ठरवून बंद पाडले. वाचवणारे म्हणतात ते हेच का? शिवाय कॅमेरा एकट्या साहेबाच्या हाती नव्हता. मुंबईत विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्याच दशकात छायाचित्रे काढत होते.

मग ही चित्रे वसाहतवादी म्हणून अडगळीत टाकावीत, असे म्हणणाऱ्यांचाही उत्साह मला परवडत नाही. ट्राइपने बृहदीश्वराच्या विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, जोत्यावरचे कोरीव लेख टिपले. कॅमेरा सरकवत सरकवत एकेक तुकडा घेतला आणि २१ छापांची सलग पट्टी जोडली, सुमारे १९ फूट लांब! अक्षरांच्या ओळी दगडाच्या सांध्यांवरून पुढे सरकतात, त्या तशाच चित्रातही सरकतात. माणसे गमावणाऱ्या त्या संथ कागदाने न हलणारा दगड मात्र अचूक धरला. १८५८ साली कोणते अक्षर शाबूत होते, हे पाहायला ही पट्टी पहिल्या प्रतीचे साधन आहे.

तेव्हा प्रदर्शनवाल्यांना एवढेच सांगणे : चित्राखाली वास्तूचे नाव आणि साल छापता, तशी निगेटिव्ह कशाची होती आणि छायाचित्रकार कोणाचा पगार घेत होता, हीही ओळ छापा.