यंत्राचे हात आणि घरचा निर्णय

कुपवाडाहून एका वाचक भगिनींचें पत्र आम्हांस आलें आहे. नांव प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची इच्छा आहे, व ती रास्तच आहे. वय शेहेचाळीस, दोन मुलगे मोठे झालेले, घर एकत्र कुटुंबाचें. वर्षभर पाळीच्या वेळीं अंगावरून फार जातें, थकवा येतो. तपासणींत गर्भाशयांत गांठ दिसली. गर्भाशय काढावें लागेल असें डॉक्टरांनीं सांगितल्यापासून घरांत रोज खल चालला आहे. सासूबाई म्हणतात, "मुलें झालीं, मोठीं झालीं; आतां ती पिशवी हवी कशाला?" थोरले भावजी तेथील औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत यंत्रें सांभाळतात. त्यांचें मत असें कीं, पुण्यास नेऊन रोबोकडूनच शस्त्रक्रिया करवावी. माणसाचा हात चुकेल, यंत्राचा चुकणार नाहीं. यजमान खर्चाचा आंकडा ऐकून गप्प बसले आहेत. "आम्ही काय करावें?" असा भगिनींचा प्रश्न आहे. पत्रांत घरांतील प्रत्येकाचें मत आहे. स्वतः त्यांचें मात्र कोठेंच नाहीं.

हा प्रश्न एकाच घरचा नसल्यामुळें आम्ही येथें थोडें विस्तारानें लिहितों. प्रथम भावजींच्या समजुतीविषयीं.

रोबो हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककारानें १९२० सालच्या आपल्या नाटकानें जगास दिला. वेठीचें काम असा अर्थ असलेल्या चेक शब्दापासून तो आला. आपल्या 'राबणें' या क्रियापदाशीं त्याचें नादसाम्य केवळ योगायोगाचें. पण तेवढ्यापुरतें तें ध्यानांत धरण्याजोगें आहे. हें यंत्र राबतें; ठरवीत नाहीं. शस्त्रक्रियेचे डॉक्टर रोग्यापासून कांहीं पावलांवर एका आसनावर बसतात व भिंगांतून पोटाच्या आंतील मोठें केलेलें, खोलीसह दिसणारें चित्र पाहतात. त्यांचीं बोटें जशीं हलतील तशीं पोटावरील लहान छिद्रांतून आंत गेलेलीं बारीक हत्यारें हलतात. हाताचा सूक्ष्म कंप यंत्र गाळून टाकतें, आणि हत्याराचें टोंक मनगटाप्रमाणें वळत असल्यामुळें अडचणीच्या जागीं टांके घालणें सोपें जातें. परंतु कोठें कापावें आणि कोठें थांबावें हें डॉक्टरांच्या बुद्धीनेंच ठरतें. कारखान्यांतील यंत्र एकदां जुळवून दिलें कीं आपलें आपण चालतें, तसें हें चालत नाहीं. अनुभवी हाताचें बळ तें वाढवितें. अननुभवी हाताला अनुभव देत नाहीं.

आतां इतिहास पाहूं. पोट उघडून शस्त्रक्रिया करणें हीच पूर्वीची रीत. दुर्बिणीच्या साह्यानें गर्भाशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेंत डॉ. हॅरी रीच यांनीं १९८८ सालीं केली. दा विंची नांवाच्या यंत्रास तेथील सरकारची मान्यता २००० सालीं मिळाली, व स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियांसाठीं ती २००५ सालीं मिळाली. मोठ्या छेदापेक्षां लहान छिद्रांत वेदना कमी, रक्तस्राव कमी आणि घरीं परतणें लवकर, हा लाभ खरा आहे. मात्र तो साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनेंही मिळतो. अमेरिकेंतील २,६४,७५८ स्त्रियांची माहिती तपासून २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, साध्या विकारासाठीं गर्भाशय काढतांना रोबो वापरल्यास ५.५ टक्के व नुसती दुर्बीण वापरल्यास ५.३ टक्के स्त्रियांस उपद्रव झाल्याचें दिसलें. म्हणजे फरक नगण्य. खर्च मात्र रोबोचा सुमारें २,१८९ डॉलरांनीं अधिक होता. शिवाय पोटावर एकही छिद्र न पाडतां योनिमार्गानें गर्भाशय काढण्याची जुनी रीत आहे. जेथें ती शक्य असेल तेथें तीच प्रथम विचारांत घ्यावी, असें अमेरिकेंतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्थाही सांगते. फार मोठी गांठ, पूर्वीच्या शस्त्रक्रियांनीं आंत चिकटलेलीं आंतडीं किंवा स्थूल शरीर अशा कठीण प्रसंगीं यंत्राचा उपयोग विशेष होऊं शकतो.

नवें तेवढें हितकर, असेंही नाहीं. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगांत दुर्बीण व रोबो या रीती मोठ्या छेदाइतक्याच सुरक्षित असतील अशी सर्वांची धारणा होती. २०१८ सालीं ६३१ स्त्रियांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनंतर रोग न उलटलेल्यांचें प्रमाण मोठ्या छेदाच्या गटांत ९६.५ टक्के, तर लहान छिद्रांच्या गटांत ८६ टक्केच निघालें. तेव्हांपासून जगभरच्या तज्ज्ञांनीं आपलें मत बदललें. कातड्यावरील व्रण लहान, एवढ्यावरून शस्त्रक्रिया लहान ठरत नाहीं.

आतां सासूबाईंच्या बोलण्याकडे वळूं. त्यांचा हेतु वाईट नाहीं. सुनेचा त्रास संपावा हेंच त्यांच्या मनांत आहे. परंतु "पिशवी हवी कशाला" या एका वाक्यानें आपल्याच महाराष्ट्रांत काय घडलें तें पाहावें. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांसाठीं ऊस तोडावयास मराठवाड्यांतून जोडपीं येतात. त्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. पाळीचें दुखणें म्हणजे खाडा. म्हणून तरुण वयांतच गर्भाशय काढून टाकणाऱ्या तोडणीकामगार स्त्रियांची हकीकत २०१९ सालीं उजेडांत आली. एकट्या बीड जिल्ह्यांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांचीं गर्भाशयें काढलीं गेलीं, अशी माहिती त्या वर्षीं राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीं विधिमंडळांत दिली. अनावश्यक शस्त्रक्रियांस आळा घालण्याचे नियम सर्व राज्यांनीं अमलांत आणावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला. गरिबाघरीं दंडाच्या भयानें जें होतें, तें सुशिक्षितांच्या घरीं "आतां उपयोग काय" या विचारानें होऊं नये.

उपयोग काय म्हणाल, तर पुण्यांतील एक गोष्ट सांगतों. तेथील गॅलेक्सी केअर रुग्णालयांत डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मे २०१७ मध्यें भारतांतील पहिलें गर्भाशयाचें प्रत्यारोपण केलें. दात्री आईचें गर्भाशय दुर्बिणीच्या साह्यानें काढून तें मुलीच्या शरीरांत बसविलें. त्याच महिन्यांत तेथें असेंच दुसरें प्रत्यारोपणही झालें, आणि आईनें दिलेल्या अशा गर्भाशयांत वाढलेली एक मुलगी १८ ऑक्टोबर २०१८ रोजीं जन्मास आली. जें अवयव झाले-गेले म्हणून आपण टाकावयास निघतों, त्यांतच आई वाढली आणि त्यांतच लेकही वाढली! गरज नसतां गर्भाशय काढूं नये, हें सांगावयास याहून मोठा दाखला आम्हांस सांपडत नाहीं.

याचा अर्थ भगिनींनीं दुखणें अंगावर काढावें असा मुळींच नाहीं. रक्त कमी झालें असेल तर तें आधीं भरून काढलें पाहिजे. पंचेचाळिशीनंतर अति रक्तस्राव होत असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून कर्करोग नाहीं याची खातरी करावी. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलें तर एक आठवडाही थांबूं नये. कर्करोग नसेल तर औषधें आहेत, गर्भाशयांत बसवावयाचें औषधी साधन आहे, नुसती गांठ काढतां येते, आणि पाळी जाण्याचें वय जवळ आलें असेल तर गांठ पुढें आपोआप आकसतेही. एवढ्यानें भागलें नाहीं, तर शस्त्रक्रिया अवश्य करावी. योग्य वेळीं केलेली शस्त्रक्रिया हें वरदानच आहे.

तेव्हां दुसऱ्या डॉक्टरांचें मत घ्यावें. कुपवाडकरांस त्यासाठीं दूर जावयास नको. शेजारच्या मिरजेंत डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभारलें, तेव्हांपासून दूरदूरचे रोगी त्या गांवीं येऊं लागले. आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तेथेंच आहे. डॉक्टरांस पुढील प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? दुसरा उपाय करून पाहिला काय? योनिमार्गानें जमेल काय? अंडाशय ठेवणार कीं काढणार? कारण तीं अकालीं काढलीं तर हाडें व हृदय यांस अपाय होतो. आणि शेवटीं, आपण स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? हीं उत्तरें मिळाल्यावर रोबो हवा कीं नको हा प्रश्न सोपा होतो.

आमची सासूबाईंस, भावजींस व यजमानांस एक विनंति आहे. एके संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसावें, आणि आपलें मत सांगण्यापूर्वीं घरच्या सुनेस विचारावें, "तुला काय वाटतें?" मग उत्तर येईपर्यंत कोणीं मध्यें बोलूं नये. भगिनींनींही संकोच न करतां बोलावें. त्यांचें पुढील पत्र येईल, तेव्हां त्यांत त्यांचें मत पहिल्याच ओळींत वाचावयास मिळेल अशी आम्ही आशा करितों.