अत्तर विकताना बाटलीत काय आहे तेही सांगा

अत्तर, बाम आणि मालिशचे तेल हा आपल्यातील अनेक घराण्यांचा पिढीजात धंदा. मुंबईच्या मुहम्मद अली रोडपासून उरुसातल्या गाळ्यापर्यंत हा माल "नैसर्गिक आहे, अल्कोहोल नाही, अपाय नाही" एवढ्या तीन गोष्टींवर खपतो. या तिन्हींचा आता नीट विचार व्हायला हवा.

वनस्पतीच्या सुगंधी तेलातील बहुतेक गुण ज्या द्रव्यांमुळे येतात, त्यांना टर्पीन वर्गातील द्रव्ये म्हणतात. पुदिन्यातील मेंथॉल, कापूर, निलगिरीतील सिनिओल, संत्र्याच्या सालीतील लिमोनिन, रोशा गवतातील जिरॅनिऑल ही सारी त्याच कुळातली. बाम लावल्यावर गार वाटते, कारण मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते. शिवाय ही द्रव्ये कातडीचा वरचा थर सैल करून सोबतचे औषध आत पोहोचवतात. म्हणजे गुण आहे, यात शंका नाही.

पण जे आत शिरते, ते अपायही करू शकते. लिमोनिन आणि लिनालूल ताजी असताना फारशी त्रास देत नाहीत. हवा लागून ती जुनी झाली, की त्यांच्यापासून बनणारी द्रव्ये कातडीला खाज आणि पुरळ आणतात. दुकानात उन्हात ठेवलेली, रोज उघडली जाणारी अर्धी बाटली म्हणूनच धोक्याची. तान्ह्या मुलाच्या नाकापाशी कापूर वा मेंथॉलचा बाम लावणे तर फारच धोक्याचे. हे सांगणे विकणाऱ्याचे काम आहे.

अल्कोहोलचा घोळ वेगळाच. जिरॅनिऑल, मेंथॉल आणि चंदनातील सँटॅलॉल यांना रसायनशास्त्र अल्कोहोलच म्हणते. दारूत असते ते इथाइल अल्कोहोल. नाव एक, वस्तू वेगळी. तपासणीच्या कागदावर हा शब्द पाहून गिऱ्हाईक बिथरले, तर त्याला समजावता आले पाहिजे. नुसते "नाही हो" म्हणून भागणार नाही.

जग पुढे गेले आहे. युरोपीय संघाने २००३ साली २६ सुगंधी द्रव्यांची नावे लेबलवर छापणे बंधनकारक केले. अंगावर राहणाऱ्या मालात ०.००१ टक्क्याहून जास्त असले तरी नाव द्यावे लागते. २०२३ साली ही यादी ८० च्या वर गेली. आपल्याकडेही दुखणे घालवण्याचा दावा केला, की बाम औषध ठरतो आणि त्याला औषधाचा परवाना लागतो.

काही भाई म्हणतील, लहान धंद्याला हा खर्च झेपत नाही. पण गडद काचेची लहान बाटली, घट्ट बूच, भरल्याची तारीख आणि घटकांची चिठ्ठी यांना किती पैसे लागतात? तेलाच्या तपासणीसाठी कन्नौजला १९९१ पासून सुगंध व सुरस विकास केंद्र आहे. चार-पाच दुकानदारांनी मिळून एकाच घाऊक डब्याचा नमुना पाठवला, तर खर्च वाटला जाईल.

एकेकाळी खानदेशच्या रोशाचे तेल मुंबईहून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. माल आपला चांगला होता, पण विकला गेला दुसऱ्याच्या नावाने. आज पॅराफिनमध्ये वास मिसळून "खालिस चंदन" म्हणणाऱ्यांमुळे खऱ्या अत्तरवाल्याची तीच गत होत आहे.

प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड केला, तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या बाटलीत कोणी असाच हात घातला, तर काय निघेल? ते आपणच आधी चिठ्ठीवर लिहावे. त्यात ईमानही आहे आणि बरकतही.