लिटरला अठ्ठावीस, पण कुठल्या रस्त्यावर?

मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात हायब्रिड गाडी आता नवलाची राहिली नाही. तिच्या ॲव्हरेजचा वाद मात्र दिवसेंदिवस तापतो आहे. एक पक्ष सांगतो, कंपनीचा आकडा मिळतोच; मिळाला नाही तर चालवणाऱ्याला गाडी चालवता येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, सगळी फसवणूक आहे. अठ्ठावीस सांगतात आणि बावीस देतात. मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. टोमॅटोचे किंवा कांद्याचे चार पैसे हाती आले म्हणून साध्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-अडीच लाख जास्त मोजून हायब्रिड घेणारा माणूस आपल्याच तालुक्यांतला आहे, आणि चुकीच्या समजुतीची किंमत त्याच्याच खिशातून जाते.

पहिल्या पक्षाचा आधार म्हणजे जाहीर आकडा. २०२२ साली आलेल्या मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडसाठी तो लिटरला २७.९७ किलोमीटर होता, होंडा सिटी हायब्रिडसाठी २६.५. हे आकडे रस्त्यावर मोजलेले नसतात. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करून १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी वेळ, ठरलेल्या वेगाने चालवतात. त्यात अंतर भरतं पावणेअकरा किलोमीटरच्या आत. सरासरी वेग ताशी ३२-३३ किलोमीटर, कमाल वेग ९० आणि तोही थोडा वेळ. एसी बंद, चढ शून्य. या चाचणीत जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी असते, आणि उभ्या हायब्रिडचं इंजिन बंद असतं. थांबत थांबत, सावकाश जाण्यात हायब्रिडचं बळ आहे आणि चाचणी नेमकी तशीच आहे. सगळ्या गाड्या एका मापाने तोलायला अशी चाचणी लागते, त्यात अप्रामाणिक काही नाही. पण तिचा आकडा जुन्नरच्या माणसाला वचन म्हणून ऐकवणं चूक आहे.

आता आपला पुणे-नाशिक रस्ता बघा. मंचर, नारायणगावचे बायपास झाल्यापासून गाड्या सर्रास ताशी ९०-१०० ने जातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ऐवजी ९० ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो. अशा वेळी इंजिन सलग चालू असतं, ब्रेक क्वचित लागतो, त्यामुळे मोटरला मदत करायला आणि बॅटरीला परत मिळवायला फारसं काही उरत नाही. साध्या गाड्यांनी आपल्याला शिकवलं की हायवेला ॲव्हरेज वाढतं. साधी गाडी मोकळ्या रस्त्यावर खरोखरच सुधारते. हायब्रिड तिथे तेवढी सुधारत नाही, म्हणून दोघींतलं अंतर कमी होतं. तीच हायब्रिड चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत सापडली की साध्या गाडीला फार मागे टाकते. साधी गाडी उभ्या उभ्या पेट्रोल जाळत असते, ही मोटरवर इंच इंच सरकते.

घाटाबद्दलचा समज तर जास्तच पक्का आहे: चढाला जे खाल्लं ते उतारावर परत मिळतं. याचा हिशेब करून बघू. हायरायडरची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून साडेपंधराशे किलो धरले, तर हे वजन शंभर मीटर उंच चढवायला सुमारे ०.४२ किलोवॅट-तास ऊर्जा लागते. म्हणजे अख्खी बॅटरी भरली तरी तिच्यात एकशे ऐंशी मीटर चढणीपुरतीच ऊर्जा मावते. त्यातही बॅटरी टिकावी म्हणून ती पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू दिली जात नाही, त्यामुळे हाताशी येतो त्यातला काही भागच. डिंभ्यापासून भीमाशंकरपर्यंतची चढण तीनशे मीटरच्या आसपास आहे. माळशेज तर त्याहून बराच मोठा. जाताना चढाचा सगळा भार शेवटी पेट्रोलवरच येतो. परतताना सलग उतार लागला की बॅटरी बघता बघता भरते, आणि मग वेग आवरण्यासाठी गाडी इंजिनालाच फिरवते. ती ऊर्जा उष्णता होऊन जाते. साध्या गाडीला उतारावर काहीच साठवता येत नाही, तेव्हा हायब्रिड इथेही उजवीच. पण घाट तिला फुकट पडतो हे म्हणणं खोटं आहे.

जवळच्या फेऱ्यांचंही तसंच. मळ्यातून गावात, गावातून सोसायटीच्या डेअरीपर्यंत, अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत थंड इंजिन तापायलाच पेट्रोल जातं. पौषातल्या सकाळी तर आकडा हमखास पडतो.

मग दुसरा पक्ष खरा का? नाही. बावीस मिळाले म्हणजे लुटले गेलो, असं वाटतं ते लिटरला किलोमीटर या मापामुळे. हिशेब उलटा मांडा, हजार किलोमीटरला लिटर किती. अठ्ठावीसने ३६ लिटर लागतात, बावीसने ४५-४६. म्हणजे ज्या सहा किलोमीटरवरून इतकं रान उठतं, त्यांची किंमत दहा लिटर. गर्दीत चौदा देणारी त्याच आकाराची साधी गाडी मात्र हजार किलोमीटरला ७१ लिटर पिते. बावीसच्या हायब्रिडने तिथे २६ लिटर वाचवलेले असतात, आणि फसवणूक म्हणणारे त्याबद्दल एक शब्द काढत नाहीत.

हेच गणित रस्त्यानुसार बदलतं. पेट्रोल शंभर-एकशे पाच रुपये धरलं, तर कोंडीच्या रस्त्यावर हजार किलोमीटरला सुमारे २,७०० रुपये वाचतात, आणि जास्तीचे अडीच लाख नव्वद हजार किलोमीटरच्या थोडं पुढे वसूल होतात. मोकळ्या हायवेवर साधी गाडी साडेसतरा देत असेल आणि हायब्रिड बावीसच, तर बचत जेमतेम बाराशे रुपये. वसुलीला दोन लाख किलोमीटर लागतात. गाडी तीच, किंमत तीच. रोज चाकण, मोशी, भोसरी गाठणाऱ्याने हायब्रिड जरूर घ्यावी असं माझं ठाम मत आहे. ओतूरला राहून आठवड्यातून एकदा आळेफाट्याला आणि वर्षाकाठी चार वेळा पुण्याला जाणाऱ्याने निव्वळ पेट्रोल वाचवण्यासाठी ती घेऊ नये.

जाहीर आकडा बदलायलाच हवा. अमेरिकेने २००८ च्या मॉडेलांपासून चाचणीच्या हिशेबात एसी, जास्त वेग आणि थंडी धरली. टोयोटा प्रियसचा शहरातला आकडा गॅलनला ६० मैलांवरून ४८ वर आला. तरीही पुढची कित्येक वर्षं तिथे सर्वाधिक खपणारी हायब्रिड प्रियसच होती. खरा आकडा सांगितल्याने गाडी पडत नाही. आपल्याकडे गाड्यांची ही चाचणी करणारी एआरएआय ही संस्था तर पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. तिला चाकणची कोंडी आणि माळशेजचा चढ दुरून दाखवायला नको. शहर, हायवे आणि घाट असे तीन वेगळे आकडे, एसी लावून आणि माणसं बसवून मोजलेले, प्रत्येक गाडीच्या काचेवर हवेत. ते येईपर्यंत गिऱ्हाइकाने बायपासवरच्या पाच मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हवर समाधान मानू नये. आपण रोज ज्या वेळी ज्या रस्त्याने जातो, त्याच वेळी त्याच रस्त्याने, घरची माणसं सोबत घेऊन गाडी चालवायला मागावी, आणि शोरूमने ती द्यावी.