८० जागा आणि मागे राहणारी मुले

शेतमजुरांच्या वा ऊसतोड कामगारांच्या वस्तीत काम करणाऱ्या कोणत्याही साथीला हा अनुभव असेल. सभा संपते, मजुरीचा आणि रेशनचा प्रश्न बोलून होतो, आणि मग एखादी आई संकोचाने पुढे येऊन विचारते, "आमच्या पोरीचा नवोदयला नंबर लागंल का?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपल्यापाशी नसते. "अभ्यास करू द्या, लागेल," असे काहीतरी गुळमुळीत बोलून आपण पुढच्या गावाची वाट धरतो. प्रवेशपरीक्षेची तयारी ही ज्याच्या त्याच्या घरातली बाब आहे, चळवळीचा तिच्याशी संबंध नाही, असे आपण जणू गृहीत धरले आहे. हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती. जवाहर नवोदय विद्यालयांची योजना १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर देशभर आली. त्यापूर्वी १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन विद्यालये प्रायोगिक स्वरूपात निघाली होती. तामिळनाडूने ही योजना स्वीकारलेली नाही. सहावीपासून बारावीपर्यंतचे निवासी शिक्षण, भोजन, गणवेश व पुस्तके यांचा भार मुख्यत्वे सरकार उचलते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एकतृतीयांश मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी व अलीकडे इतर मागासवर्गीयांसाठीही आरक्षण आहे. भूमिहीनाच्या मुलाला या तोडीचे माध्यमिक शिक्षण मिळण्याचे दुसरे मार्ग फारच थोडे आहेत. परंतु विद्यालय सामान्यतः जिल्ह्याला एक, आणि त्यात सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०.

या व्यवस्थेवरील आपली टीका जुनी आहे आणि ती मागे घेण्याचे काही कारण घडलेले नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी हेच सांगितले होते : सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. वरच्या थरास शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत त्यांनी झुगारला आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने समान शाळा पद्धतीची शिफारस केली. १९६८ च्या धोरणाने ती स्वीकारली. १९८६ च्या धोरणाने तिचा पुनरुच्चार केला खरा, पण त्याच वेळी 'गतिनिर्धारक' शाळांचा एक वेगळा थरही उभा केला. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षकांवर चार-पाच वर्ग सोपवायचे आणि हजारांतून ८० मुले उचलून त्यांना प्रयोगशाळा व ग्रंथालय द्यायचे, याला समता म्हणता येत नाही.

मग अशा परीक्षेची तयारी आपण करून घ्यावी काय? काही साथी म्हणतात, घेऊ नये. त्यामुळे चाळणीलाच मान्यता मिळते. ही भूमिका ऐकायला तत्त्वनिष्ठ वाटते. पण तिची किंमत ती मांडणारा देत नाही, दहा वर्षांचे मूल देते. शोषण संपलेले नाही म्हणून कामगार संघटनेने मजुरीवाढीची मागणी कधी सोडली काय? आपण दूर राहिलो तर परीक्षा थांबत नाही. ज्यांना तालुक्याच्या गावी शिकवणीची फी परवडते, त्यांची मुले तेवढी पुढे जातात.

खरी चाळणी तर परीक्षागृहाच्या फार आधी, अर्जापासूनच सुरू होते. मूल ज्या जिल्ह्यात पाचवीत शिकत असेल त्याच जिल्ह्यातील विद्यालयासाठी त्याला बसता येते. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. पाचवी पुन्हा करून दुसरी संधी मिळत नाही. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली असावी लागतात. त्या काळात एक दिवस जरी मूल शहरातील शाळेत शिकले असेल तरी ते ग्रामीण गणले जात नाही. बांधकामावर आलेल्या मजुराने मुलाचे नाव काही महिन्यांसाठी पुण्यातील शाळेत घातले, तर तो नकळत मुलाचा हक्क गमावून बसतो. हे त्याला वेळेवर कोणी सांगत नाही.

ऊसतोड कामगारांची अवस्था याहून बिकट आहे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघतात ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. खानदेशातील आदिवासी दक्षिण गुजरातेत उतरतात. अलीकडे ही परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते. म्हणजे ऐन हंगामात, आईबाप फडात आणि मूल कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत असताना. प्रवेशपत्र गावच्या जिल्ह्यातले, मूल दोनशे किलोमीटर दूर. या मुलाला बुद्धिमत्तेची कसोटी देण्याची पाळीच येत नाही.

आता परीक्षेविषयी. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. उत्तराचे वर्तुळ पेनाने रंगवायचे असते व मग खाडाखोड चालत नाही, याचाही सराव हवा.

निम्मे गुण आकृत्यांना आहेत : वेगळी आकृती ओळखणे, मालिका पूर्ण करणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगणे. असले प्रश्न ज्याने पूर्वी पाहिलेलेच नाहीत ते मूल केवळ अनोळखीपणामुळे हरते. फुटका आरसा, जुने वर्तमानपत्र आणि कात्री एवढ्या साहित्यावर ही अनोळख महिनाभरात दूर करता येते. अंकगणितात अपूर्णांक, नफा-तोटा असे विषय येतात. ऊसतोड्याच्या मुलाला हिशेब शिकवण्यास टनाचा दर, मुकादमाचे कमिशन आणि फिटता न फिटणारी उचल यांहून चांगले उदाहरण कोणते? भाषेच्या भागात उतारे असतात. उत्तर उताऱ्यातच शोधण्याची सवय मोठ्याने वाचून आणि वाचलेल्यावर बोलून लागते. महाराष्ट्राबाहेरील साथींनी आपल्या राज्यात परीक्षेसाठी कोणत्या भाषा उपलब्ध आहेत हे माहितीपत्रकात पाहून मगच अर्ज भरावा.

दिवसाला तासभर नियमित अभ्यास या वयाला पुरे. दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर घराण्याची अब्रू ठेवू नये. निवड झाल्यास ते घरापासून दूर राहील, आणि नववीत काही मुलांना वर्षभरासाठी अन्य भाषिक राज्यातील विद्यालयात पाठवले जाते, हेही आईबापांना आधीच सांगितले पाहिजे.

येथे थोडे आत्मपरीक्षणही करू. आपल्यापैकी अनेक नोकरदार साथी आपल्या मुलांची तयारी कसोशीने करून घेतात आणि शेजारच्या वस्तीतील मुलांचा विचार त्यांच्या मनात येत नाही. काही शाखांनी अभ्यासवर्ग चालवले, पण त्यांत गावातील पाच-सहा 'हुशार' मुले निवडून घेतली. म्हणजे सरकारच्या चाळणीआधी आपण आपली चाळणी लावली. अभ्यासवर्ग घ्यायचा तर पाचवीच्या सर्व मुलामुलींचा घ्यावा. त्यातील एक जण निवडला जाईल, कदाचित एकही नाही. पण वीसच्या वीस मुलांना अपूर्णांक आले आणि छापील उतारा समजून वाचता आला, तर तो वर्ग यशस्वी झाला. निकालानंतर तो बंद करणे म्हणजे मागे राहिलेल्या मुलांना त्यांची लायकी ठरवून दिल्यासारखे आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढील कामे हाती घ्यावीत. पावसाळ्यातच वस्तीतील पाचवीच्या मुलांची यादी करून मुख्याध्यापकांच्या सहीसह अर्ज मुदतीत भरून घ्यावेत. हंगामी वसतिगृहे मुले गाव सोडण्यापूर्वी सुरू व्हावीत यासाठी पंचायत समितीवर दबाव आणावा. परीक्षेच्या दिवशी मुलांना केंद्रावर नेण्या-आणण्याची जबाबदारी घ्यावी. साखर कारखान्यांच्या परिसरातील शाखांनी, मग त्या महाराष्ट्रात असोत, कर्नाटकात असोत वा गुजरातेत, कोप्यांवर संध्याकाळचा वर्ग चालवावा. आणि या प्रत्येक कामाबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिक्त शिक्षकपदे भरण्याची मागणी लावून धरावी.

त्या आईला यापुढे गुळमुळीत उत्तर देऊ नये. नंबर लागेल की नाही हे आपल्या हाती नाही; पण तिची पोर तयारीनिशी परीक्षेला बसेल आणि नंबर लागला नाही तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गात तिची जागा राखलेली असेल, एवढे वचन आपण देऊ शकतो.