त्यांची मेजवानी, आमचा डबा



बंगळूरच्या बड्या हॉटेलात साहेबाने गिऱ्हाइकाला जेवू घातले, की बिल ‘धंद्याचा खर्च’ म्हणून नफ्यातून वजा! रात्रपाळीच्या पॉइंट्समनचा, उन्हातल्या पोस्टमनचा डबा कोण वजा करतो?

कंपन्यांच्या पाहुणचार-खर्चाच्या वजावटीवर कायद्यात मर्यादा होती. ती १९९८ पासून उठली. २००५ साली अशा खर्चावर फ्रिंज बेनिफिट कर बसला. त्याच वर्षी पगारदारांचे स्टँडर्ड डिडक्शन गेले. मालकांनी ओरड केली, २००९ मध्ये त्यांचा कर रद्द! आमचे डिडक्शन परत यायला २०१८ उजाडले. त्यांना चार वर्षे, आम्हाला तेरा. हा कुठला न्याय?

मेजवानीच्या वजावटीला पुन्हा मर्यादा घाला, असा ठराव प्रत्येक शाखेने करावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!