काळ मागे फिरवता आला तर...

‘ते शब्द आपण बोललो नसतो तर किती बरे झाले असते!’ असे आयुष्यात एकदाही न वाटलेला मनुष्य विरळाच. काळ मागे फिरवण्याची ही इच्छा कथा-कादंबऱ्यांतून अनेकदा आली आहे. २०१५ साली फ्रान्समधील डोन्टनॉड या कंपनीने तयार केलेल्या ‘लाइफ इज स्ट्रेंज’ या व्हिडिओ गेमने मात्र ती शक्ती खेळणाऱ्याच्याच हाती दिली.

पाच भागांचा हा खेळ अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील एका काल्पनिक किनारी गावात घडतो. मॅक्स ही छायाचित्रण शिकणारी अठरा वर्षांची मुलगी. घडून गेलेले काही क्षण मागे नेण्याची शक्ती तिला अकस्मात लाभते. वर्गात उत्तर आले नाही, तर दुसरीने दिलेले उत्तर ऐकावे, काळ मागे न्यावा आणि तेच आपण सांगावे! प्रारंभी याची मोठी गंमत वाटते. लवकरच मात्र कळते की, निर्णयाचा तत्काळ परिणाम पाहता येतो, दूरचा नव्हे. क्लोई या मैत्रिणीचे वडील २००८ साली मोटार अपघातात वारलेले असतात. जुन्या छायाचित्राच्या आधारे त्या दिवसात शिरून मॅक्स त्यांना वाचवते. वर्तमानात परतते तेव्हा वडील हयात असतात. पण क्लोईच दुसऱ्या अपघातात अपंग होऊन अंथरुणाला खिळलेली असते.

माझ्या मते, या खेळाचे खरे सामर्थ्य ही शक्ती संपते तेथे प्रकट होते. सहाध्यायांच्या कुचेष्टेने खचलेली केट नावाची मुलगी वसतिगृहाच्या गच्चीवर जीव द्यायला उभी राहते. त्या क्षणी मॅक्सला काळ मागे नेता येत नाही. चुकलेला शब्द परत घेता येत नाही. केटचा फोन आपण घेतला होता की टाळला, घरच्यांपैकी तिला कोण जवळचे आहे, हे ज्याने पूर्वी आस्थेने जाणून घेतले असेल, त्यालाच योग्य शब्द सापडतात. येथे चमत्कार नव्हे, तर माणसाकडे दिलेले लक्षच उपयोगी पडते.

दोषही आहेतच. भंगाराच्या आवारात पाच बाटल्या शोधत फिरण्यासारखे प्रसंग केवळ वेळ काढतात. पात्रांचे ओठ संवादांशी नीट जुळत नाहीत. तथापि सर्वांत मोठी उणीव शेवटात आहे. ‘या कृतीचे परिणाम होतील’ असे खेळभर बजावले जाते. प्रत्यक्षात मात्र साऱ्या लहानमोठ्या निर्णयांची वाट अखेरीस दोनच पर्यायांपाशी येते: मैत्रीण वाचवावी की गाव? केट वाचली काय किंवा न वाचली काय, ही निवड बदलत नाही. अटळ गोष्ट स्वीकारायला शिकवणे हाच शेवटाचा हेतू आहे, असे कोणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. पण वाचकाला वचन देऊन लेखकाने ते विसरावे, तसे हे झाले आहे.

या खेळाला २०१६ साली कथेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. शेवट उणा असूनही मला तो योग्य वाटतो. कारण काळ मागे नेण्याचे स्वप्न दाखवता दाखवता तो आपल्याला गच्चीवरच्या त्या एका क्षणापाशी आणून उभे करतो. गेलेला क्षण परत येणार नाही, म्हणूनच समोरच्याचे बोलणे आज नीट ऐकले पाहिजे.